शरदातले चतुर बघायला निघताय? कोल्हापूर परिसरातल्या पहिल्या हंगामासाठी

पहिल्या वर्षी मी दसऱ्याच्या आदल्या रविवारी पहाटे सहाला रंकाळ्यावर जाऊन उभा राहिलो. पक्षी बघायची जुनी सवय, त्यामुळे पहाट म्हणजेच योग्य वेळ हे डोक्यात पक्कं बसलेलं. साडेसातपर्यंत दोन खंड्या, एक पाणकोंबडी आणि फिरायला आलेली माणसं दिसली. चतुर एकही नाही. परत निघताना काठावरच्या बेशरमाच्या काडीला काहीतरी लटकलेलं दिसलं. वाकून बघितलं तर चतुरच होता. पंखांवर दवाचे बारीक थेंब, सहाही पायांनी काडी धरलेली, माझी सावली अंगावर पडली तरी हलला नाही. तो रात्रभर तिथंच होता. मी तीन तास लवकर आलो होतो, आणि कुठं बघायचं हे मला ठाऊक नव्हतं.

असे तीन-चार रविवार वाया गेले, मग हळूहळू गाडी रुळावर आली. तुमचे रविवार वाचावेत म्हणून हे लिहितोय. हे सगळं सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरअखेर या काळासाठी आहे. थंड देशांत हिमतुषार पडले की चतुरांचा हंगाम संपतो. आपल्याकडं तो पाण्याबरोबर आटत जातो, त्यामुळे इथं कॅलेंडरापेक्षा डबक्याकडं लक्ष ठेवावं लागतं.

१. चतुर आणि टाचणी यांतला फरक आधी डोळ्यांत बसवा

लहानपणी आपण सगळ्यांनाच चतुर म्हणायचो, नाहीतर हेलिकॉप्टर. खरं तर हे दोन गट आहेत. चतुर अंगानं दणकट, बसताना पंख आडवे पसरून ठेवतो, आणि बहुतेकांचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात. टाचणी नावाप्रमाणेच बारीक. ती बसताना पंख पाठीवर मिटून घेते आणि तिचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, एकमेकांपासून लांब असतात. लेस्टिस नावाच्या गटातल्या टाचण्या मात्र पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात. अशी एखादी दिसली आणि गोंधळ झाला तर डोळ्यांमधलं अंतर बघा.

आपण ज्याला शेपूट म्हणतो ते त्यांचं पोट असतं, दहा खंडांचं. ओळख पटवताना कितव्या खंडावर कुठला रंग आहे हे वारंवार विचारलं जातं, म्हणून मोजायची सवय आत्ताच लावून घ्या. आणि हो, चतुर डसत नाही. त्याला नांगी नसते. मुलं बरोबर असतील तर हे आधी सांगा, आणि शेपटाला दोरा बांधायचा खेळ खेळू देऊ नका. दोरा बांधलेला चतुर शिकार करू शकत नाही. तो उपाशी मरतो.

२. वेळ: नऊच्या आधी घाई नको

चतुराचं रक्त थंड. सूर्य उगवतो साडेसहाच्या आसपास, पण अंग तापून उडण्याजोगं व्हायला त्याला वेळ लागतो. काही जण उडण्याआधी जागच्या जागी पंख थरथरवून अंग गरम करतात, ते बघण्यासारखं असतं. सर्वांत चांगली वेळ साडेनऊ ते साडेबारा. त्यानंतर ऑक्टोबरचं ऊन चटके देतं, तेव्हा चतुर काडीच्या टोकावर शेपूट सरळ सूर्याकडं उभं करून बसलेले दिसतात. असं केल्यानं अंगावर कमीत कमी ऊन पडतं. दुपारी साडेतीनला पुन्हा बरा काळ सुरू होतो.

एक वेगळी वेळ म्हणजे दिवेलागण. कोरल-टेल्ड क्लाउडविंग नावाचा चतुर दिवसा झुडपात लपून बसतो आणि अंधार पडायला लागला की पाण्यावर झपाझप फेऱ्या मारतो. नराच्या मागच्या पंखांवर पांढरट डाग असतो, संधिप्रकाशात तेवढाच ठिपका हलताना दिसतो. त्याच्यासाठी मुद्दाम एक संध्याकाळ ठेवा.

दिवस निवडायचा असेल तर परतीचा पाऊस पडून गेल्यावर जो पहिला स्वच्छ उन्हाचा दिवस येतो, तो. जोराच्या वाऱ्याच्या दिवशी काठावर कमी आणि झाडोऱ्याच्या आडोशाला जास्त सापडतील.

३. जागा निवडा, आणि तीच धरून ठेवा

नवा माणूस एका रविवारी रंकाळा, पुढच्या रविवारी पन्हाळा, त्यानंतर दाजीपूर असं फिरतो. मीही फिरलो. फोटो पुष्कळ मिळाले, समजलं काहीच नाही. माझा सल्ला असा की घरापासून अर्ध्या तासाच्या आत असलेलं एक पाणी निवडा आणि तिथं दर आठवड्याला जा. बाकीच्या जागा हंगामात एकदा-दोनदा.

तलाव: शहरात रंकाळा, जरा बाहेर कळंबा, आणि शिवाजी विद्यापीठाकडं राजाराम तलाव. तलावावर सगळा काठ फिरू नका. जिथं पाणकणीस, लव्हाळा किंवा बेशरम पाण्यात उतरलेलं असेल आणि शेजारी थोडं उघडं पाणी असेल, तिथं बसा. केंदाळानं गच्च झाकलेल्या पाण्यावर फारसं काही मिळत नाही.

भातखाचरं: पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याकडं या दिवसांत भात पिकत आलेलं असतं. खाचरात पाणी असेपर्यंत बांधावरून पाइड पॅडी स्किमर दिसतो. नराचे पंख निम्मे काळे-निळसर आणि त्या काळ्याला लागून पांढरा पट्टा. उडणं अगदी मंद, जणू हवेत तरंगणारा कागदाचा कपटा. कापणी सुरू झाली की तो भराभर कमी होतो, म्हणून ही जागा दिवाळीच्या आधी उरकून घ्या. बांधावर जायच्या आधी मालकाला विचारा. मला एका पाणंदीवर एका आजोबांनी हटकलं होतं, "काय बघालाय ओ एवढं वाकून?" मी दाखवलं, तर त्यांनीच मला मागच्या विहिरीवर नेलं आणि पायऱ्यांवर बसलेले आणखी दोन प्रकार दाखवले.

बंधारा: ही खास आपल्या जिल्ह्याची जागा, आणि माझी सर्वांत आवडती. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पावसाळ्यात मोकळा असतो. पाऊस ओसरला की त्याच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, घालतात आणि वरच्या बाजूला पाणी तुंबायला लागतं. म्हणजे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळी पाणी तयार होतात. वर संथ, खोल, काठाला गवत. खाली दगडांतून झिरपणारं, खळखळतं, उथळ. चतुरांना हा फरक फार मोठा. वरच्या बाजूला तलावावरचे प्रकार येऊन बसतात. खालच्या दगडांवर ब्लॅक स्ट्रीम ग्लायडरसारखे वाहत्या पाण्याचे. याचा नर गडद निळा-काळा, ओल्या दगडाच्या टोकावर बसतो, उठतो आणि पुन्हा त्याच दगडावर येतो. बरगे घालायच्या आधी एक फेरी आणि घातल्यावर दर आठवड्याला एक फेरी मारली तर कोण आलं, कोण गेलं हे डोळ्यांसमोर घडताना दिसतं. मी पंचगंगेवर आणि भोगावतीवर असं बघितलंय. तुमच्या गावाजवळचा कुठलाही बंधारा चालेल.

जंगलातले ओढे: राधानगरी-दाजीपूर आणि आंबोलीकडचे सावलीतले ओढे फार संपन्न आहेत. तिथं स्ट्रीम रूबी ही टाचणी दिसते. नराचे पंख उन्हाच्या कवडशात तांब्यासारखे चमकतात. पण पहिल्या वर्षी तिथून सुरुवात करू नका. प्रकार खूप, ओळखायला अवघड, आणि माणूस गांगरून जातो. पश्चिम घाटात चतुर-टाचण्यांचे जवळपास २०० प्रकार आहेत. त्यांतले वीस घराजवळ नीट ओळखायला लागलात की मग जंगलात जा.

घराची गच्ची: हे बहुतेकांना सुचत नाही. ग्रॅनाईट घोस्ट हा करड्या-काळ्या ठिपक्यांचा चतुर दगडी भिंतीवर, कंपाउंडवर, सिमेंटच्या टाकीवर चिकटून बसतो. रंग इतका जुळतो की उडाल्याशिवाय दिसत नाही. पंखांच्या टोकाजवळचा छोटा ठिपका मध्ये काळा आणि दोन्ही बाजूंना पांढरा असतो, ती त्याची खूण. तो टाकीच्या, हौदाच्या पाण्यातही अंडी घालतो. टाकी धुताना तळाशी जे किडे वळवळताना दिसतात त्यांत त्याची पिल्लं असू शकतात, आणि ती डासांच्या अळ्या खातात.

४. सामान आणि कागदपत्रं

दुर्बीण ८×४२ किंवा ८×३२ चालेल. विकत घेताना एकच गोष्ट बघा: ती किती जवळचं दाखवते. दोन मीटरवरचं स्पष्ट दिसत असेल तर घ्या. पक्ष्यांसाठीच्या बऱ्याच दुर्बिणी पाच मीटरच्या आतलं धूसर दाखवतात, आणि आपला चतुर तर तीन मीटरवर बसलेला असतो. माझे पहिल्या दुर्बिणीचे पैसे याच कारणानं वाया गेले.

कॅमेरा असेल तर ७०-३०० मिमीची लांबचं टिपणारी लेन्स अगदी जवळून फोटो काढायच्या मॅक्रो लेन्सपेक्षा सोयीची, कारण फार जवळ जावं लागत नाही. मोबाइलवरही काम होतं, त्याची युक्ती पुढं सांगतो. याशिवाय टोपी, पूर्ण बाह्यांचा मळकट रंगाचा शर्ट, चिखलात चालतील असे बूट, पाणी, वही, पेन्सिल. पेन नको, ओलं झालं की शाई पसरते.

कागदपत्रं फारशी लागत नाहीत. राधानगरी अभयारण्यात जायचं असेल तर ओळखपत्र बरोबर ठेवा, प्रवेशशुल्क भरा, आणि निघायच्या आधी वन्यजीव विभागाकडं चौकशी करा. पावसाळ्यात पर्यटकांना ते बंद असतं, त्यामुळे कधी उघडतंय हे विचारूनच गाडी काढा. अभयारण्यात काहीही पकडायचं किंवा उचलायचं नाही, चतुराच्या पिल्लानं सोडलेली रिकामी कातसुद्धा. जाळी तर कुठंच नेऊ नका. बघण्यासाठी ती लागत नाही.

५. जवळ कसं जायचं

चतुराचा एकेक डोळा हजारो छोट्या भिंगांचा बनलेला असतो, आणि त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. मागून हळूच जाईन हा विचार सोडून द्या. तो हालचाल टिपतो, म्हणून सरळ रेषेत, अगदी सावकाश, हात अंगालगत ठेवून जा. आपली सावली त्याच्यावर पडता कामा नये. नव्या माणसाची बाजी नेमकी इथं हुकते.

उडाला तर पाठलाग करू नका. काडीवर बसून शिकार करणारे बरेच चतुर फिरून त्याच काडीवर येतात. तो गेला की त्या वेळात तुम्ही दोन पावलं पुढं सरका आणि थांबा. परत आला की आणखी दोन पावलं. मोबाइलवर फोटो काढायची हीच युक्ती. चार-पाच फेऱ्यांत हाताच्या अंतरावर पोचता येतं. माझ्याबरोबर आलेल्या एका मुलीनं तर शेवटी त्याच्या काडीशेजारी आपलं बोट धरलं, आणि तो बोटावर येऊन बसला.

पायाखाली मात्र लक्ष ठेवा. उसाच्या फडालगत आणि गवताच्या बांधावर घोणस असते. बंधाऱ्यावरचं शेवाळ निसरडं असतं, आणि बरगे घालण्याचं काम चालू असताना तिकडं फिरकू नका. कृष्णाकाठी गेलात तर त्या पात्रात मगरी आहेत, पाण्याला खेटून बसायचं नाही. पिकावर नुकती फवारणी झाली असेल तर तो दिवस सोडा.

६. पहिल्या महिन्यात एवढे ओळखा

मराठी नावं अजून एकसारखी रुळलेली नाहीत, म्हणून मी इथं रूढ इंग्रजी नावंच दिली आहेत. वहीत मात्र शास्त्रीय नावही लिहीत जा.

डिच ज्वेल: रंकाळ्यावर पहिल्या पाच मिनिटांत भेटेल. नर नारिंगी, पंखांवरही नारिंगी छटा. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातही तग धरतो. एखाद्या पाण्यावर फक्त हाच दिसत असेल, बाकी कोणी नाही, तर त्या पाण्याची तब्येत ठीक नाही असं समजायला हरकत नाही.

ग्रीन मार्श हॉक: हिरवट-पिवळ्या अंगावर काळे पट्टे, कंबर बारीक. जबरदस्त शिकारी. दुसऱ्या चतुरांना आणि फुलपाखरांनाही खातो. तो काही चावत असेल तर तोंडात काय आहे ते दुर्बिणीनं जरूर बघा.

लाल चतुर: इथं सगळे फसतात. लाल दिसला की एकच नाव लिहून मोकळे. निदान दोन तरी वेगळे काढायला शिका. स्कार्लेट स्किमर रक्तासारखा लाल, पायसुद्धा लाल. क्रिमझन मार्श ग्लायडर गुलाबीकडं झुकणारा, पंखांच्या शिराही लालसर, पाय काळे. पाय बघितले की प्रश्न सुटतो.

ग्राउंड स्किमर: पाण्यापासून लांब, पायवाटेवर, मैदानात जमिनीलगत बसतो. कॉमन पिक्चरविंग: पिवळे-काळे पंख, फुलपाखरासारखा फडफडतो. टाचण्यांमध्ये पिवळ्याजर्द शेपटाची कोरोमंडल मार्श डार्ट आणि काळ्या शेपटाच्या टोकाला निळा ठिपका असलेली सेनेगल गोल्डन डार्टलेट, या दोन पुरेत.

७. वय ओळखायला शिका, हंगामाच्या शेवटी याचाच उपयोग

एकाच प्रकारचे नर, मादी आणि नुकताच उडायला लागलेला कोवळा चतुर तीन वेगळ्या रंगांचे असू शकतात. ग्राउंड स्किमरचा नर कोवळा असताना पिवळसर-हिरवा असतो आणि वय झालं की त्याच्यावर निळसर भुकटी चढते. मी दोन हंगाम त्याला दोन वेगळे चतुर समजून नोंदवत होतो.

नुकताच बाहेर पडलेला चतुर फिकट असतो, पंख ओल्या सेलोफेनसारखे चकाकतात, उडणं लटपटतं. त्याला हात लावू नका, पंख कायमचे वाकतात. असे कोवळे चतुर नोव्हेंबरमध्ये दिसले तर समजा त्या पाण्यात अजून पिढी तयार होते आहे. उलट म्हाताऱ्याच्या पंखांच्या कडा दातऱ्या झालेल्या असतात, एखादा कोपरा तुटलेला असतो, चकाकी गेलेली असते. कळंब्याच्या काठावर मी एक स्कार्लेट स्किमर बघितला होता. मागचा उजवा पंख जवळजवळ निम्मा नव्हता. तरी तो आपल्या काडीवरून उठायचा, आलेल्या नराला हाकलायचा आणि परत येऊन बसायचा. चारही पंख स्वतंत्रपणे हलवता येतात, म्हणून उरलेल्या तीन पंखांवर त्याचं भागत होतं. मी अकराच्या सुमारास बसलो आणि दीड वाजता उठलो. तोवर तो तिथंच होता.

पाण्यातून वर आलेल्या काड्यांवर, बंधाऱ्याच्या भिंतीवर तपकिरी रंगाची, पाठीवर चिरलेली रिकामी कात दिसेल. पाण्यातलं पिल्लू रात्री किंवा पहाटे वर चढून ती सोडतं आणि चतुर होऊन उडतं. यांच्यात कोष नसतो. उडणारा चतुर कुठूनही आलेला असेल, पण कात म्हणजे तो त्याच पाण्यात वाढल्याचा पुरावा. म्हणून कात मोजा.

८. माळावरचे प्रवासी

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मैदानावर, उसाच्या वर, गणपतीच्या मिरवणुकीवर घिरट्या घालणारे पिवळट चतुर तुम्ही शेकड्यांनी बघितले असतील. ते बहुतेक वाँडरिंग ग्लायडर, पँटाला फ्लॅवेसन्स. बसतच नाहीत. बसलेच तर काडीला उभे लटकतात. मागचे पंख बुडाशी रुंद, त्यामुळे वाऱ्यावर तरंगत राहतात.

जेमतेम पाच सेंटिमीटरचा हा जीव समुद्र ओलांडतो. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं पाहिलं की दर ऑक्टोबरमध्ये तिथं लाखोंनी चतुर उतरतात, आणि त्या बेटांवर त्यांना वाढायला गोडं पाणी जवळपास नाहीच. २००९ मध्ये त्यानं मांडलं की हे भारताकडून पूर्व आफ्रिकेकडं जाणारे थवे आहेत, उंचावरच्या वाऱ्यावर स्वार झालेले. जाऊन-येऊन १४,००० ते १८,००० किलोमीटर, चार पिढ्या मिळून. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत भराभर वाढायचं आणि पाऊस जिकडं जाईल तिकडं जायचं, असं यांचं आयुष्य.

तुम्ही एवढं करा: एक माळ निवडा, मसाई पठार असो की घरामागचं मैदान. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी दहा मिनिटं एका जागी उभं राहून डोक्यावरून जाणारे मोजा. वारा कुठून येतोय आणि ते कुठं चाललेत हे लिहा. मान्सून माघारी फिरतो तसा पश्चिमेकडून येणारा वारा पूर्वेकडून यायला लागतो. तो आठवडा चुकवू नका.

९. नोंद

प्रत्येक प्रकाराचे तीन फोटो: वरून, बाजूनं, आणि शेपटाच्या टोकाचा जवळून. काही प्रकार फक्त त्या टोकाच्या आकारावरून वेगळे काढता येतात, आणि नेमका तोच फोटो आपल्याकडं नसतो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर फोटो टाकला तर जाणकार ओळख दुरुस्त करतात. ताडून बघायला ओडोनाटा ऑफ इंडिया हे संकेतस्थळ चांगलं आहे. ॲपनं आपोआप सुचवलेलं नाव लगेच स्वीकारू नका. लाल चतुरांच्या बाबतीत ते हमखास चुकतं.

वहीत तारीख, वेळ, जागा, ऊन की ढग, वारा, पाण्याची पातळी, प्रकार, संख्या. अंडी घालताना दिसले तर तेही. मादी शेपटाचं टोक पाण्यावर टेकवत जाते आणि नर वरून राखण करतो, किंवा दोघं जोडीनंच उडत असतात.

आणि काहीच दिसलं नाही तरी लिहा. हंगामातली शेवटची नोंद ती शेवटची होती हे त्या दिवशी कळत नाही, पुढचे रविवार कोरे गेल्यावर कळतं. भातखाचरातल्या पाइड पॅडी स्किमरच्या माझ्या पानावर एका ओळीत "एक नर, बांधावर, पंख फाटलेले" असं आहे. त्याच्या खाली "कापणी झाली, खाचर कोरडं, शून्य" आणि त्याच्या खाली पुन्हा "शून्य".